परदेशातल्या वैद्यकीय शिबिराला जाताय? मग हे आधी वाचा

दिवाळी सरली की वैद्यकीय, नर्सिंग आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांकडून, आणि बरेचदा त्यांच्या आईवडिलांकडूनही, ठरावीक प्रश्न येऊ लागतात. केनियात दोन आठवड्यांचे आरोग्य शिबिर आहे, मुलीला पाठवू का? युगांडातली संस्था काम करायला लाखभर रुपये मागते, असे असते का? पर्यटक म्हणून गेले तर चालेल का? तिथे टाके घालायला, बाळंतपण करायला मिळते म्हणतात, इथे तर कोणी हात लावू देत नाही. मग जायला हरकत काय?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे त्यावरच ठरते. जे काम तुम्हाला इथल्या वॉर्डात एकट्याने करायची परवानगी नाही, ते तिथेही करायचे नाही. पेशंट गरीब आहे किंवा देश दूरचा आहे, म्हणून हा नियम सैल होत नाही. एवढे मान्य असेल तर जरूर जा. शिकायला खूप मिळेल आणि थोडाफार उपयोगही होईल.

तिथे तुम्ही नेमके कोण असाल?

कोटणीसांचे नाव घेऊन बरेच विद्यार्थी लिहितात. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. पण ही सगळी माणसे डॉक्टर होऊन गेली होती. कोटणीस चिनी भाषा शिकले, तिथल्या डॉक्टरांना शिकवण्याइतकी शिकले, आणि १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पंधरा दिवसांसाठी जातो, ते वेगळे काम आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण आपण काय करू शकतो हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून काढा.

- पहिले-दुसरे वर्ष: नोंदणी, वजन-उंची, रक्तदाब, रांगेचे नियोजन, ओआरएस कसे बनवायचे हे दाखवणे, औषधे मोजून पाकिटे भरणे.
- शेवटचे वर्ष: वरील सगळे, शिवाय तिथल्या डॉक्टरांसमोर पेशंटचा इतिहास घेणे आणि तपासणी.
- इंटर्न: देखरेखीखाली थोडे अधिक. पण इथली तात्पुरती नोंदणी भारताबाहेर लागू होत नाही, हे ध्यानात ठेवा.
- फार्मसी, फिजिओथेरपी, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, अगदी वाणिज्य शाखाही: औषधसाठ्याचा हिशेब, मुदत संपत आलेल्या औषधांची यादी, बंद पडलेल्या उपकरणांची दुरुस्ती. ग्रामीण रुग्णालयांना अशा माणसांची गरज अनेकदा विद्यार्थी-डॉक्टरांपेक्षा जास्त असते.

आपल्याकडे २०१९चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा नोंदणीशिवाय वैद्यकी करू देत नाही. तिकडेही तसेच आहे. केनियात मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिल, युगांडात मेडिकल अँड डेंटल प्रॅक्टिशनर्स कौन्सिल, नेपाळमध्ये नेपाळ मेडिकल कौन्सिल. बाहेरून आलेल्या पात्र डॉक्टरलाही तिथे काम करण्याआधी तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. विद्यार्थ्याला ती मिळण्याचा प्रश्नच नाही. तो शिकाऊ म्हणूनच तिथे उभा राहू शकतो.

प्रत्यक्षात अडचण होते ती अशी. दुपारची वेळ, बाहेर शंभर माणसे, पेशंट तपासणारा क्लिनिकल ऑफिसर एकटा. तुमच्या अंगावर पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप असतो, त्यामुळे सगळे तुम्हाला ‘दक्तारी’ म्हणू लागतात. कोयत्याने कापलेला हात घेऊन एक जण येतो आणि सिस्टर टाक्यांचा ट्रे तुमच्या हातात ठेवतात. या क्षणी काय बोलायचे ते आधीच पाठ करून ठेवा. स्वाहिलीत ‘मिमी नी म्वानाफुन्झी वा उदक्तारी’, म्हणजे मी वैद्यकीचा विद्यार्थी आहे. मग जखमेवर दाब धरून ठेवा, स्वच्छ पट्टी लावा आणि ऑफिसरला बोलावून आणा. तो शेजारी उभा राहून करवून घेणार असेल आणि पेशंटची हरकत नसेल, तर गोष्ट वेगळी.

हे पटत नसेल तर उलट बाजूने पाहा. जामखेडच्या आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात परदेशी विद्यार्थी शिकायला येतात. तिथल्या एखाद्या बाईच्या पोटातल्या बाळावर दुसऱ्या वर्षाच्या परदेशी मुलाने पहिल्यांदा हात चालवून पाहिलेला तुम्हाला चालेल का? नाही ना? मग केनियातल्या बाईलाही तो चालत नाही.

संस्था कशी पारखायची?

मार्ग साधारण चार आहेत. पहिला, तुमच्या महाविद्यालयाचा परदेशी विद्यापीठाशी असलेला करार. असेल तर तोच सगळ्यात सुरक्षित. दुसरा, वैद्यकीय विद्यार्थी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची देवाणघेवाण. हा महासंघ १९५१ पासून आहे आणि भारतात मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया त्याची सदस्य आहे. इथे विद्यार्थी एखाद्या रुग्णालयाच्या विभागात शिकायला जातो, त्यामुळे त्याची भूमिका स्पष्ट असते. तिसरा, रोटरीसारख्या संस्थांची शस्त्रक्रिया पथके. ती अनुभवी डॉक्टरांची असतात; विद्यार्थ्याला जागा मिळालीच तर मदतनीस म्हणून. चौथा, फी घेऊन ‘अनुभव’ देणाऱ्या खासगी कंपन्या.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’कडे अर्ज करू का, असेही विचारले जाते. ही संस्था विद्यार्थ्यांना प्रकल्पावर पाठवत नाही. पदवीनंतरचा कामाचा अनुभव मागते. तो विचार पुढच्या काही वर्षांसाठी राखून ठेवा.

चौथ्या प्रकारातल्या सगळ्याच कंपन्या वाईट नसतात, पण पारखून घ्यायच्या त्या याच. पैसे भरण्यापूर्वी ईमेलवर हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

- तिथले कोणते रुग्णालय किंवा आरोग्य केंद्र आम्हाला बोलावते आहे? त्यांचे पत्र दाखवाल का?
- माझ्यावर देखरेख करणाऱ्या डॉक्टरांचा त्या देशातला नोंदणी क्रमांक काय?
- माझ्या फीपैकी किती रक्कम त्या केंद्राकडे जाते?
- आम्ही गेल्यावर पेशंटचा पाठपुरावा कोण करतो? रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवस देऊन पथक निघून गेले, तर सोळाव्या दिवशी त्या बाईने काय करायचे?
- आजारी पडलो किंवा सुई टोचली तर व्यवस्था काय?

जाहिरातीत ‘प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करण्याची संधी’, ‘पहिल्या वर्षापासून बाळंतपणे’ असे लिहिले असेल, तर तिथेच थांबा. युगांडातल्या जिंजा शहरात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवले होते. मुले दगावली, २०१९ मध्ये मातांनी न्यायालयात दाद मागितली, आणि पुढच्या वर्षी दोष मान्य न करता तडजोड झाली. तिचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण चांगल्या हेतूने कोणाला उपचार करता येत नाहीत.

भूकंप-पुरानंतर स्वतःच्या भरवशावर निघू नका. अशा वेळी रस्ते, पाणी आणि राहण्याच्या जागा आधीच अपुऱ्या असतात. प्रशिक्षण नसलेला प्रत्येक माणूस तिथे मदत मागणाऱ्यांतच भर घालतो.

आणि एक आग्रहाचे सांगणे. आदिवासी किंवा दुर्गम भागात कधीच काम केले नसेल, तर आधी हेमलकसा, गडचिरोलीतले ‘सर्च’ किंवा मेळघाट इथे काही आठवडे जा. पाणी नाही, वीज नाही, भाषा कळत नाही, अशा ठिकाणी आपण कसे वागतो ते इथेच कळते, आणि व्हिसाही लागत नाही.

कॉलेजची परवानगी

वैद्यकीय अभ्यासक्रमात थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते. समाजकार्यासाठी गेलो होतो म्हणून ती आपोआप माफ होत नाही. इंटर्नशिपमध्ये रजा १५ दिवसांची. त्यापुढचे दिवस इंटर्नशिप लांबवतात. म्हणून सुट्टीतच जाणे बरे. अधिष्ठाता किंवा प्राचार्यांकडून लेखी ना-हरकत पत्र घ्या. तुम्ही कोणत्या वर्षात आहात आणि काय करण्यास पात्र आहात, हे त्या पत्रात लिहिलेले असावे. तिकडच्या रुग्णालयाला ते उपयोगी पडते आणि तुमचेही रक्षण करते.

प्रमाणपत्राचा फायदा किती, असेही विचारले जाते. पदव्युत्तर प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. शिबिराच्या प्रमाणपत्राला तिथे गुण नाहीत. केवळ त्यासाठी जाणार असाल तर पैसे वाचवा.

पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्टला प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत आणि दोन कोरी पाने हवीत. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. १५ ते ६५ वयोगटाला आधार कार्ड त्यासाठी चालत नाही, आणि विमानतळावर तेच घेऊन उभी राहणारी मुले दिसतात. केनियाला जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी आधी काढावी लागते.

सगळ्यात मोठी चूक होते ती प्रवासाचे कारण लिहिताना. ‘फिरायला’ लिहून आत शिरायचे आणि रुग्णालयात काम करायचे, असा सल्ला काही एजंट देतात. मोबदला नसला तरी ते कामच धरले जाऊ शकते. स्वयंसेवकाला कोणता पास लागतो हे बोलावणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या आणि त्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीकडून खात्री करा. खोटे कारण लिहिले तर अडकाल तुम्ही, एजंट नाही.

लसी: सुरुवात सहा महिने आधी

सहा महिने म्हणण्याचे कारण हिपॅटायटिस-बी. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हे आधीच घेतलेले असायला हवे, पण तिसरा डोस राहून गेलेले बरेच असतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे तपासून घ्या. पातळी १० किंवा त्याहून जास्त हवी.

पीतज्वराची लस केनिया, युगांडासाठी सोडून चालणार नाही. ती कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य कार्यालय हे त्यांपैकी एक. केंद्रांचे वार आणि जागा मर्यादित असतात, म्हणून महिनाभर आधी नाव नोंदवा. मूळ पासपोर्ट बरोबर न्या आणि पिवळ्या पुस्तिकेवरचे नाव व पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून पाहा. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. पुढे ते आयुष्यभर चालते. प्रमाणपत्राची ही अट परत येतानाही जाचते. प्रमाणपत्राशिवाय अशा देशातून भारतात उतरलात तर सहा दिवस विलगीकरणात राहावे लागू शकते, आणि भारतीय नागरिकालाही त्यातून सूट नाही. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गर्भारपण किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे असतील तर लस घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा.

याखेरीज धनुर्वाताचा बूस्टर, टायफॉइड, हिपॅटायटिस-ए, गोवराचे दोन डोस झालेत का ते पाहणे, आणि खेड्यात राहणार असाल तर रेबीजची आगाऊ लस. या सगळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून एकाच कागदावर करून घ्या.

मलेरिया: ‘आम्हाला सवय आहे’ हा गैरसमज

पूर्व आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा असतो. भारतात वाढलो म्हणून त्यापासून संरक्षण मिळत नाही. नैरोबी शहरात धोका कमी, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी बराच जास्त. म्हणून डॉक्टरांना देशच नव्हे, गावही सांगा. प्रतिबंधक गोळ्यांचे पर्याय असे:

- अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: रोज, जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू, परतल्यावर सात दिवस चालू. महाग, पण छोट्या मुक्कामाला सोयीची.
- डॉक्सिसायक्लिन: रोज, परतल्यावर चार आठवडे. स्वस्त. भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेऊन लगेच आडवे होऊ नका. उन्हाने त्वचा भाजू शकते.
- मेफ्लोक्विन: आठवड्यातून एकदा. नैराश्य, तीव्र चिंता किंवा फिट्सचा इतिहास असेल तर नको.

गोळ्या घेऊनही मच्छरदाणी लागतेच. सरोवरात पोहू नका. त्या पाण्यातून शिस्टोसोमा हा परजीवी त्वचेतून शरीरात शिरतो. बोडा-बोडा, म्हणजे तिथल्या भाड्याच्या मोटारसायकली, शक्यतो टाळा. रस्त्यावरचा अपघात हा परदेशी प्रवाशांना असलेल्या सर्वांत मोठ्या धोक्यांपैकी एक आहे.

सुई टोचली तर

सगळ्यांत कमी तयारी या प्रसंगाची असते. रक्त लागलेली सुई टोचल्यावर विद्यार्थी घाबरतो, लाजतो आणि लपवतो. तसे करू नका. क्रम असा:

१. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, स्पिरिट किंवा ब्लीच लावू नका. डोळ्यात रक्त उडाले तर भरपूर पाण्याने डोळा धुवा.

२. घड्याळात पाहून वेळ लिहा आणि ताबडतोब वरिष्ठांना सांगा.

३. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्य तर दोन तासांत घ्या. ७२ तास उलटल्यावर त्याचा उपयोग धरत नाहीत. पेशंटच्या अहवालाची वाट पाहत बसू नका. अहवाल निगेटिव्ह आला तर औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवता येते.

४. पेशंटची संमती घेऊन त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस-बी आणि सी तपासणी. तुमचीही त्याच दिवशी.

५. औषध २८ दिवस, मध्ये खंड न पाडता.

निघण्यापूर्वी संस्थेला एवढेच विचारा: हे औषध तुमच्या केंद्रात आहे का, नसेल तर सर्वांत जवळ कुठे, आणि तिथे पोहोचायला किती तास लागतात? उत्तर ‘बघू’ असे आले तर जाऊ नका. कोर्स अर्धा असताना परतलात तर सरकारी रुग्णालयातल्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात जा. पुढच्या तपासण्याही तिथेच होतील.

औषधे बरोबर नेणे

स्वतःची औषधे मूळ वेष्टनात, जेनेरिक नावांच्या चिठ्ठीसह न्या. ट्रामाडॉल, कोडीनचे खोकल्याचे औषध, अल्प्राझोलम यांवर अनेक देशांत कडक बंदी किंवा नियंत्रण आहे. घरच्या डब्यात सहज पडलेली पट्टी विमानतळावर गुन्हा ठरू शकते.

दानाच्या औषधांबाबत उत्साह आवरा. ओळखीच्या डॉक्टरांकडून गोळा केलेली फिजिशियन सॅम्पल्स भरून नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून सांगतात की औषध तिथल्या केंद्राने मागितलेले असावे, लेबल तिथल्यांना वाचता यावे आणि पोहोचल्यावर किमान वर्षभराची मुदत उरलेली असावी. २००४च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये हजारो टन औषधे येऊन पडली. बरीचशी निरुपयोगी ठरली आणि ती नष्ट करण्याचा खर्च पुन्हा तिथल्या लोकांच्याच माथी आला. काही न्यायचेच असेल तर यादी तिथून मागवा आणि त्या देशाच्या औषध नियामकाची परवानगी आयोजकांनी आधी घ्यावी. पैसेच पाठवून औषधे तिथे विकत घेणे बहुधा जास्त शहाणपणाचे असते.

विमा आणि पैसे

साध्या प्रवासी विम्यात रुग्णालयातले काम वगळलेले असू शकते. ‘वैद्यकीय स्वयंसेवा’ हे शब्द आणि आजारी माणसाला विमानाने परत आणण्याचा खर्च पॉलिसीत आहे का ते वाचा. परकीय चलन नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येते. बाकी कार्डवर ठेवा. लोकांकडून वर्गणी गोळा केली असेल तर विमानाचे तिकीट किती आणि पेशंटसाठी किती हे देणाऱ्यांना आधीच सांगा.

तुमचे हक्क

- पासपोर्ट तुमच्याजवळच राहील. १९६७च्या पासपोर्ट कायद्यानुसार तो केंद्र सरकारची मालमत्ता आहे. आयोजक ‘सुरक्षिततेसाठी’ ताब्यात ठेवू शकत नाही. झेरॉक्स द्या.
- नाही म्हणण्याचा हक्क. न झेपणारे किंवा न शिकवलेले काम नाकारलेत म्हणून प्रमाणपत्र अडवले, तर लेखी तक्रार करा.
- हातमोजे, मास्क, सुया टाकायचा डबा मागणे हा आगाऊपणा नाही.
- फी परतीच्या अटी लेखी घ्या. भारतातल्या कंपनीने फसवले तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येते. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.
- संकटात भारतीय उच्चायुक्तालय आणि परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल. पोहोचताच आपला पत्ता उच्चायुक्तालयाला कळवा. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे. तिथली ओळख करून ठेवलीत तर घरच्यांचा जीवही थोडा भांड्यात पडेल.

हक्क पेशंटलाही आहेत. त्याचा, विशेषतः मुलांचा, फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. उपचाराच्या आशेने बसलेली आई फोटोला नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे तिच्या होकाराला संमती समजू नका. पेशंटची माहिती गोळा करून प्रबंध लिहायचा असेल, तर दोन्ही देशांतल्या नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते.

परत आल्यावर

क्षयरोगाचा संसर्ग झाला आहे का ते पाहण्यासाठी आठ ते दहा आठवड्यांनी चाचणी करून घ्या. मलेरियाच्या गोळ्यांचा उरलेला कोर्स पूर्ण करा. घरी पोहोचल्यावर त्या सोडून देणे ही नेहमीची चूक आहे. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर अंगावर काढू नका, पॅरासिटामॉल घेऊन उद्यावर टाकू नका. फाल्सिपेरम एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, ‘मी आफ्रिकेतून आलो आहे’ हे त्यांनी विचारण्याची वाट न पाहता सांगा आणि मलेरियाची चाचणी मागून घ्या. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.